वापरायला दिलेलं

फोन आला तेव्हा आई मटार सोलत होती आणि मी समोर बसून सोललेल्यातले चार-दोन दाणे तोंडात टाकत होतो. लालबागच्या चाळीत आमच्या समोरच्या खोलीत राहणाऱ्या काकूंचा धाकटा मुलगा होता फोनवर. तोही आता पन्नाशीला टेकला. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. इकडची तिकडची चौकशी झाली, आईचे गुडघे काय म्हणतात वगैरे झालं, आणि मग तो जरा घुटमळत म्हणाला, "दादा, एक विचारू का? आमच्या आईचं शिलाई मशीन असेल ना अजून तुमच्याकडे? पोरगी फॅशन डिझायनिंगला गेलीय, तिला जुन्या काळ्या मशीनचं वेड लागलंय. म्हटलं, आईनं तेव्हा तुम्हाला वापरायला दिलं होतं, तर..." मी "बघतो, आईला विचारतो" म्हणून फोन ठेवला. तो स्पीकरवर होता हे ठेवल्यावर लक्षात आलं. आईच्या हातातली शेंग अर्धी उघडी राहिली होती.

"वापरायला?" ती म्हणाली.

मशीन आहे. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये खिडकीखाली, वर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर औषधांचा डबा. काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी हात लागून लागून मधोमध पुसली गेलीय, फक्त कडेला दोन पानं उरलीत. पायडलच्या जाळीत अजून कुठल्याशा परकराचा हिरवा दोरा अडकलेला आहे. संपाच्या वर्षी ते आमच्याकडे आलं. बाबांची गिरणी बंद पडून दोन-तीन महिने झाले असतील. एका संध्याकाळी काकू आणि बाबा दोघांनी दोन बाजूंनी धरून ते गॅलरीतून ओढत आमच्या दारात आणलं. फरशीवर त्याच्या लोखंडी पायाचा ओरखडा उठला होता, तो चाळ पाडेपर्यंत होता. काकू तेव्हा काय म्हणाल्या ते मला स्वच्छ आठवतं, कारण आई "नको नको" करत होती आणि मी दाराच्या उंबऱ्यावर बसून ऐकत होतो. काकू म्हणाल्या, "असू दे. माझ्याकडे नुसतं धूळ खातंय."

असू दे. म्हणजे दिलं का? की राहू दे, गरज सरली की बघू? किंमत विचारणं आईच्या स्वभावात नव्हतं आणि सांगणं काकूंच्या. पुढची दहा-बारा वर्षं आईने काकूंचे ब्लाउज, परकर, मुलींचे फ्रॉक, दिवाळीचे पडदे सगळं शिवलं आणि एक पैसा घेतला नाही. काकूंनीही कधी विचारलं नाही. कापड यायचं, शिवून जायचं, सोबत एखाद्या वाटीत शेवयांची खीर जायची, वाटी परत येताना त्यात साखर असायची. हा सगळा व्यवहार दोन बायकांच्या डोक्यात लिहिलेला होता. त्यातलं एक डोकं आता नाही.

मी बँकेत तेहतीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी हिशेब तपासण्यात. आमच्याकडे एक सस्पेन्स खातं असतं. पैसा आला आहे हे नक्की, पण कुणाचा, कशापोटी, ते कळत नाही, मग तो तिथे टाकून ठेवायचा. तो तिथे नुसता पडून असतो, आणि दरवर्षी तपासायला येणारा नवा माणूस विचारतो, हे काय आहे? तुम्ही म्हणता, जुनं आहे साहेब. तो लाल खूण करून जातो. त्या रात्री झोप लागेना तेव्हा मला सस्पेन्समधली सगळ्यात मोठी नोंद आठवली. ती आमच्या बँकेतली नव्हे. फ्रान्सच्या राजाने अमेरिकेसाठी म्हणून एका नाटकवाल्याच्या हातावर ठेवलेले दहा लाख लिव्र. लिव्र म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन.

तारीख १० जून १७७६. अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर करायला अजून तीन आठवडे होते. पावतीवर सही कारों द बोमार्शेची. घड्याळजीचा मुलगा, स्वतःही घड्याळजी, मग राजकन्यांना हार्प शिकवणारा, मग नाटककार, मध्येच राजाचा गुप्त हस्तक, आणि सगळीकडे कोर्टकज्जे. असा माणूस आपल्याकडे असता तर संगीत नाटकाची कंपनी काढून बुडाला असता आणि पुन्हा काढली असती. फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री व्हर्जेन याला इंग्रजांचा सूड उगवायचा होता. सात वर्षांच्या युद्धात कॅनडा गेला होता, हिंदुस्थानातलं राज्य करण्याचं स्वप्न गेलं होतं. पण उघड मदत केली तर इंग्रज उद्याच अंगावर येणार. म्हणून एक शक्कल. बोमार्शेने एक व्यापारी पेढी काढायची, रॉदेरीग ऑर्तालेज आणि कंपनी. नाव स्पॅनिश वाटावं असं. दहा लाख फ्रान्सचे, आणखी दहा लाख स्पेनचे. सरकारी शस्त्रागारातल्या जुन्या तोफा-बंदुका या पेढीने घ्यायच्या, अमेरिकनांना पोचवायच्या, आणि मोबदल्यात पैसे मागायचे नाहीत, कारण त्यांच्याकडे ते नाहीत. माल घ्यायचा, मुख्यतः तंबाखू. तो तंबाखू विकून पुन्हा बंदुका. म्हणजे एकदा भांडवल घातलं की पेढी आपली आपण चालावी. बाहेरून बघणाऱ्याला हा शुद्ध धंदा दिसला पाहिजे, खुद्द अमेरिकनांनासुद्धा.

इथेच गाठ बसली. राजाने बोमार्शेला दिलं ते काय म्हणून दिलं? देणगी अमेरिकेला, की भांडवल पेढीला? आणि बोमार्शेने अमेरिकेला पाठवलं ते दान की उधारी?

चार वर्षांपूर्वी आम्ही युरोपची टूर केली होती. पॅरिसमध्ये दुपारचे दोन तास 'शॉपिंगसाठी मोकळे' होते. बायको बाकीच्यांबरोबर गेली नाही, माझ्याबरोबर आली, आणि मी तिला 'मारे' नावाच्या जुन्या वस्तीत त्या पेढीचं घर बघायला नेलं. रस्त्याला लागूनच मोठा दरवाजा, ओकच्या लाकडाचा, त्यावर केसांच्या जागी साप असलेल्या मेडुसाची डोकी कोरलेली. आत जाता येत नव्हतं. समोरच्या अरुंद फुटपाथवर उभं राहून मी तिला सांगत होतो की याच दाराआड तंबू, बंदुका, गणवेश, तोफा यांची पत्रं खरडली गेली आणि मधल्या वेळात नाटकंही लिहिली गेली. ती पर्समधून खाकऱ्याचं पाकीट काढत म्हणाली, "आणि पैसे मिळाले का त्याला?" बँकवाल्याची बायको. मी म्हटलं, ते लांबलचक आहे. ती म्हणाली, म्हणजे नाही मिळाले.

त्या माणसाला धंदा जमत होता, गुप्तता जमत नव्हती. डिसेंबर १७७६मध्ये ल आव्र बंदरात जहाजं भरायला तो 'द्युराँ' असं नाव घेऊन गेला. इंग्रजांचे हेर गावभर. आणि नेमकं त्याच गावात त्याचंच एक नाटक लागणार होतं. तालीम चाललीय हे कळल्यावर याला राहवेना. गेला, बसला, आणि नट चुकतायत म्हणून उठून दिग्दर्शन करायला लागला! द्युराँ कोण ते गावाला कळलं. इंग्रज वकील स्टॉर्मंटने पॅरिसमध्ये आकांडतांडव केलं, जहाजं अडवण्याचा हुकूम सुटला. मला हा प्रसंग वाचताना दरवेळी हसू येतं आणि थोडं गलबलतंही. गळ्याशी आलं तरी ज्याला आपल्या नाटकातलं चुकीचं वाक्य सहन होत नाही, तो हिशेबाच्या वह्या कशा ठेवत असेल?

पण जहाजं गेली. 'आंफित्रीत' नावाचं जहाज एप्रिल १७७७मध्ये न्यू हँपशरमधल्या पोर्ट्समथ बंदराला लागलं. अमेरिकनांची तेव्हाची अवस्था काय होती, तर युद्धाच्या पहिल्या अडीच वर्षांत त्यांनी जी बंदुकीची दारू वापरली तिच्यातली सुमारे नव्वद टक्के एकतर बाहेरून आलेली किंवा बाहेरून आणलेल्या सोऱ्यापासून, म्हणजे त्या दारूतल्या मुख्य क्षारापासून, केलेली होती. सोरा म्हटलं की आपण बिहार म्हणतो. जगातला उत्तम सोरा तिकडचा, आणि प्लासीनंतर तो इंग्रजांच्या मुठीत. फ्रान्सने मग आपल्याच तळघरांतून, गोठ्यांतून सोरा काढायची व्यवस्था सुधारायला घेतली, आणि १७७५पासून त्या खात्यावर होता साक्षात लाव्हाझिए, आपण शाळेत ऑक्सिजनच्या धड्यात वाचलेला. म्हणजे पाटण्याचा सोरा हातचा गेला म्हणून पॅरिसच्या रसायनशास्त्रज्ञाने जी दारू सुधारली, ती बोस्टनच्या शेतकऱ्याच्या बंदुकीत. आईच्या भाषेत सांगायचं तर कुठल्या गोधडीत कुठलं लुगडं लागेल सांगता येत नाही.

त्याच महिन्यांत आणखी एक फ्रेंच जहाज एका बंदराला लागलं होतं. ते मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर मी एका रविवारी उठून चौलला गेलो. मार्च १७७७. जहाजाचं नाव 'सार्तीन', फ्रान्सच्या नौदलमंत्र्याच्या नावावरून. त्यातून उतरलेले लोक आधी व्यापारी म्हणूनच वावरले, आणि मग त्यांच्यातला सेंट लुबिन पुण्यात पोचून आपण फ्रान्सच्या राजाचे वकील आहोत म्हणून दरबारात उभा राहिला. फ्रेंच सैनिक देतो, शस्त्रं देतो, तुमचे शिपाई कवायतीत तयार करून देतो, आम्हाला चौलचं बंदर द्या. नाना फडणिसांनी त्याचं मोठ्या थाटात स्वागत केलं. इंग्रजांचा वकील मॉस्टिन पुण्यातच बसला होता, त्याच्या डोळ्यांदेखत. लुबिनकडे अधिकार किती आणि तोंडाची वाफ किती, हे नानांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. १७७६च्या पुरंदरच्या तहानंतरही मुंबईचे इंग्रज राघोबादादाला सोडत नव्हते, त्यांना घाबरवायला एक फ्रेंच माणूस दारात बसलेला बरा, एवढा हिशेब असावा. वर्षभराने, १७७८च्या पावसाळ्यात, लुबिनला निरोप मिळाला. घाबरायचं ते इंग्रज घाबरलेच, आणि फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उतरल्याची बातमी कलकत्त्याला येताच वॉरन हेस्टिंग्जने फ्रेंचांचं चंद्रनगर घेऊन टाकलं. पुढे सालबाईच्या तहात पेशव्यांकडून कबूल करून घेतलं की पोर्तुगीज सोडून दुसऱ्या युरोपियनांना इथे वखार घालू द्यायची नाही.

चौलला आता समुद्र हातभर मागे गेल्यासारखा वाटतो. सुपारीच्या वाड्या, ओलसर सावली, वाटेवर पडलेली पोफळीची झापं. रेवदंड्याच्या तटावर वडाची मुळं उतरलीत. मी तिथल्या एका कठड्यावर बसून शहाळं पीत होतो आणि मनात ताळा मांडत होतो. एकाच वसंतात दोन जहाजं, दोन्ही व्यापाऱ्याच्या वेषातली, दोन्हींच्या मागे तोच राजा. एकातून तोफा उतरल्या, दुसऱ्यातून नुसते शब्द. आपल्या वाट्याला शब्द आले म्हणून हळहळावं की तोफा आल्या असत्या तर त्याचं बिल किती पिढ्या फेडलं असतं याचा विचार करावा, मला ठरवता येईना.

अमेरिकेत तोफा उतरल्या तेव्हा बिल कुणी मागितलंच नव्हतं, निदान अमेरिकनांची तशी समजूत होती. त्यांचा पॅरिसमधला माणूस सायलस डीन, त्याने बोमार्शेशी करार केला होता, मालाच्या बदल्यात माल. पण त्याच्याआधी लंडनमध्ये आर्थर ली नावाच्या दुसऱ्या अमेरिकनाशी बोमार्शेचं बोलणं झालं होतं, आणि त्या बोलण्यात, उत्साहाच्या भरात, नाटकवाल्याने काय काय सांगितलं असेल देव जाणे. लीचं म्हणणं ठाम होतं: ही राजाची देणगी आहे, व्यापाराचा नुसता पडदा आहे, एक दिडकी द्यायची नाही. करार डीनने परस्पर केल्याचा रागही होताच. त्याने फिलाडेल्फियाला पत्रं धाडली. तिथल्या काँग्रेसला, म्हणजे अमेरिकनांच्या प्रतिनिधिसभेला, ते पटलं. कुणाला पटणार नाही? बोमार्शे पत्रावर पत्र लिहीत होता, साहेबहो, जहाजं रिकामी का येतायत, तंबाखू कुठाय? उत्तर येत नव्हतं. उधारीवाल्या दुकानदाराला टाळून पलीकडच्या गल्लीतून घरी येणारे लोक आमच्या चाळीत होते, संपाच्या वर्षी तर फारच. बाबाही कधी कधी. त्यामुळे काँग्रेसचा राग येण्याआधी मला त्यांची गल्ली ओळखीची वाटते.

मग साराटोगा. १७ ऑक्टोबर १७७७ला इंग्रज सेनापती बर्गॉइन तिथे सुमारे सहा हजार माणसांनिशी शरण आला. ती बातमी ४ डिसेंबरला पॅरिसजवळ पासीला पोचली, जिथे अमेरिकेचा वकील बेंजामिन फ्रँकलिन एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या बागेतल्या घरात राहत होता. डोक्यावर विग न घालता केसाळ कातड्याची टोपी घालून फिरणारा हा सत्तरीचा म्हातारा पॅरिसच्या बायकांना देवासारखा वाटे. निरोप्या गाडीतून उतरायच्या आत त्याने विचारलं, फिलाडेल्फिया पडलं का? हो, म्हणाला तो, पण त्याहून मोठी बातमी आहे. बोमार्शे तिथेच होता. ऐकताच गाडी पिटाळत पॅरिसकडे सुटला, इतक्या वेगाने की गाडी उलटली आणि हात दुखावला. आपल्या तोफा चालल्या याचा आनंद, की आता तरी पैसे येतील याची घाई? मला वाटतं त्याला स्वतःलाही त्या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या नसत्या.

दोन महिन्यांत, ६ फेब्रुवारी १७७८ला, दोन तह झाले, एक दोस्तीचा आणि व्यापाराचा, दुसरा लष्करी. फ्रँकलिनने त्या दिवशी जुना मखमली कोट घातला होता. हा का, असं डीनने विचारलं. चार वर्षांपूर्वी लंडनमध्ये भर सभेत त्याला उभं करून शिव्या घातल्या गेल्या तेव्हा अंगावर हाच कोट होता. कोटालाही जरा सूड मिळू दे, अशा अर्थाचं तो म्हणाला. ही गोष्ट ज्याने सांगून ठेवली तो एडवर्ड बँक्रॉफ्ट, अमेरिकन वकिलातीचा चिटणीस, प्रत्यक्षात इंग्रजांचा पगारी हेर होता. त्युईलरीच्या बागेत झाडाच्या ढोलीत बाटली सोडून त्यात अदृश्य शाईची पत्रं ठेवायचा. म्हणजे खोलीत बसून सही वाळताना बघणाऱ्यांपैकी एकजण ती बातमी लंडनला विकत होता. तो मेला आणि त्यानंतरही सत्तरएक वर्षं कुणाला पत्ता नव्हता.

व्यापाराच्या तहात एक मळीचं कलम होतं, ते मला सगळ्यात जवळचं वाटतं. मळी म्हणजे आपल्या साखर कारखान्यांत उरते तीच. फ्रान्सच्या कॅरिबियन बेटांवर ऊस अफाट आणि मळी फुकापासरी, कारण तिची रम करून फ्रान्सला पाठवायला बंदी, का तर ब्रँडीवाले बुडतील. बोस्टनवाले ती मळी स्वस्तात उचलत, घरी रम गाळत. इंग्रजांनी १७३३मध्ये गॅलनमागे सहा पेन्स जकात लावली, ती भरायची कुणी? सगळा चोरटा माल. दोन देशांचे वकील एकमेकांना भेटण्याच्या किती तरी आधी त्यांचे खलाशी असे रात्रीच्या अंधारात भेटत होते. जॉन ॲडम्सने म्हातारपणी लिहून ठेवलंय की मळी हा अमेरिकेच्या स्वातंत्र्यातला एक आवश्यक घटक होता हे कबूल करायला लाजायचं कशाला. तर तहात असं ठरलं की फ्रेंच बेटांतून अमेरिकनांनी नेलेल्या मळीवर जकात नाही, आणि त्याबदल्यात बेटांना जो अमेरिकन माल जाईल त्या कशावरच जकात नाही. लीने पुन्हा आरडाओरडा केला: एका मळीसाठी सगळा माल मोकळा? काही महिन्यांत दोन्ही कलमं काढून टाकावी लागली. लीचा स्वभाव मला आवडत नाही. पण हिशेब तपासणारा म्हणून सांगतो, इथे त्याचं चुकलं नव्हतं.

युद्ध जिंकल्यावर फ्रान्सला वाटलं होतं की आता अमेरिकेचा सगळा व्यापार आपल्याकडे वळणार. कसला वळतो. अमेरिकनांनी पहिल्या संधीला इंग्लिश कापड आणि इंग्लिश सुऱ्या-कात्र्या मागवल्या, कारण सवय ती होती आणि उधारी लंडनचा व्यापारी देत होता. जेफरसन अमेरिकेचा वकील म्हणून पाच वर्षं पॅरिसला राहून तंबाखूच्या मक्तेदारांशी, व्हेल माशाच्या तेलाच्या जकातीशी डोकं फोडत बसला. तांदळाची तर गंमतच. फ्रेंच लोक इटलीचा तांदूळ का घेतात, आमचा कॅरोलायनाचा का नाही, हे शोधायला तो १७८७मध्ये आल्प्स ओलांडून गेला आणि ज्याच्या निर्यातीला देहान्ताची शिक्षा होती तो साळीचा दाणा कोटाच्या खिशांत भरून परत आला.

इकडे फ्रान्सने त्या युद्धावर अब्जावर लिव्र घातले. ते व्याजासकट राजाच्या मानेवर कसे बसले ते सगळ्यांना माहीत आहे. १७९३ला राजा गेला, अमेरिकेने तटस्थता जाहीर केली, १७९८ला दोन जुने दोस्त समुद्रावर एकमेकांची जहाजं धरू लागले आणि १८००मध्ये दोस्तीचा तह रीतसर मिटवला.

आणि ती सस्पेन्समधली नोंद? १७८३च्या कर्जकरारात फ्रँकलिनने कबूल केलं होतं की तहाच्या आधी राजाने तीस लाख देणगी दिली. मग १७८६मध्ये अमेरिकनांनी वह्या काढल्या, तर जमा फक्त वीस लाख. दहा लाख गेले कुठे? फ्रान्सला विचारलं. फ्रान्स म्हणाला, दिलेत, १० जून १७७६ला. पावती मात्र दाखवणार नाही. ती पावती राज्यक्रांतीनंतर, १७९४मध्ये बाहेर आली, आणि सही निघाली बोमार्शेची. झालं! अमेरिका म्हणाली, हे आमचे दहा लाख तुम्हाला आधीच मिळालेत, वजा करा. बोमार्शे म्हणत होता, ते राजाच्या गुप्त कामाचे, त्याचा जाब मी राजाला देईन, तुम्हाला नाही. एकाच बिलाचे किती हिशेब झाले बघा. डीनने मांडलं, देणं छत्तीस लाख. लीने तपासलं, बोमार्शेच अमेरिकेला अठरा लाख लागतो. अमेरिकेचा अर्थमंत्री हॅमिल्टनने १७९३मध्ये पाहिलं, देणं बावीस लाख ऐंशी हजार. तीन शहाणी माणसं, कागद तेच. मला यात काहीच आश्चर्य वाटत नाही, मी अशा तीन माणसांबरोबर एकाच टेबलावर जेवलेलो आहे.

१७९५मध्ये बोमार्शे हॅम्बुर्गला परागंदा होता. कान गेलेले, माळ्यावरच्या खोलीत राहणं, विस्तव पेटवायच्या काडीचे दोन तुकडे करून वापरण्याइतकी तंगी. तिथून त्याने अमेरिकन जनतेला उद्देशून पत्र लिहिलं, माझ्या मुलीला हुंडा होईल एवढं तरी द्या म्हणून. १७९९च्या मेमध्ये तो पॅरिसला वारला. १८३५मध्ये त्याच्या वारसांना आठ लाख फ्रँक मिळाले, घ्यायचे तर घ्या या बोलीवर. त्यांनी घेतले.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आईला सांगितलं. अर्थात मळी आणि तांदूळ गाळून. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं, बशीत चहा ओतून फुंकर घालत होती. लीबद्दल ऐकून म्हणाली, "आपल्याकडे पण होता तसा एक, तिसऱ्या माळ्यावर." मग बराच वेळ गप्प. खाली दूधवाल्याची मोटरसायकल येऊन गेली.

"किती वर्षांनी दिले म्हणालास?"

"तो गेल्यावर छत्तीस वर्षांनी."

"कुणाला?"

"वारसांना, मुलीच्या माणसांना."

"तुझ्या काकूने शिवणाचे पैसे धरले असते तर माझंच येणं निघालं असतं," आई म्हणाली. "तिच्याकडच्या एका लग्नाला नऊ ब्लाउज शिवलेत मी. अस्तराचे." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "पण ते मशीन नसतं तर कुठले नऊ."

मी कप विसळून ठेवले. परत आलो तर औषधांचा डबा पलंगावर होता, क्रोशाचा रुमाल घडी करून बाजूला. आई खुर्ची ओढून मशीनसमोर बसली होती, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि नखाने जाळीतला हिरवा दोरा उचकटायचा प्रयत्न करत होती. तो निघत नव्हता. "त्या खालच्या खणात तेलाची कुपी आहे बघ," ती म्हणाली, "आणि त्याची पोरगी उंचीला केवढी आहे ते विचार. पायडल जड आहे याचं."